कोकणासाठी जीआयएसचा विद्यापीठीय अभ्यासक्रम कसा असावा?

जांभाखडक (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवतो. आमच्याकडे जीआयएस (संगणकावरची भौगोलिक माहिती प्रणाली) आणि सुदूर संवेदनाचा (उपग्रह प्रतिमा वाचण्याचा) एक वर्षाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम सुरू करायचं घाटतंय आणि मसुद्याचं काम माझ्याकडे आलं आहे. अभ्यास मंडळापुढे ठेवण्याआधी तो इथे मांडतो. इथे मोजणी खात्यातली, बागायती करणारी, कंपन्यांत नकाशे बनवणारी, खाडीकाठी राहणारी माणसं वाचतात. मंडळाच्या बैठकीत ही माणसं नसतात आणि मला त्यांचंच ऐकायचं आहे.

बऱ्याच विद्यापीठांचे अभ्यासक्रम वाचून काढले. बहुतेकांचा साचा एकच. पहिल्या सत्रात व्याख्या, इतिहास, व्हेक्टर (बिंदू-रेषांचे नकाशे) आणि रास्टर (चौकटींच्या प्रतिमा). दुसऱ्या सत्रात प्रतिमा संस्करण. शेवटी एक प्रकल्प. प्रात्यक्षिकांची यादी पाहिली तर सॉफ्टवेअरच्या मेनूतली नावं ओळीने उतरवलेली: बफर, क्लिप, ओव्हरले. मुलं ती बटणं सराईतपणे दाबतात. पण त्याच मुलांसमोर एखादा जुना गावनकाशा आणि त्याच गावाची उपग्रह प्रतिमा ठेवून विचारा, की दोन्हींत ओढा एकमेकांवर का बसत नाही. तिथे गाडी अडते.

हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेत १९९० साली नॅशनल सेंटर फॉर जिओग्राफिक इन्फॉर्मेशन अँड अ‍ॅनालिसिसने ७५ घटकांचा 'कोअर करिक्युलम' काढला. नव्याने हा विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकाला हाताशी तयार टिपणं असावीत, हा त्यामागचा विचार. २००६ साली या विषयात काय काय येतं त्याची मांडणी, 'बॉडी ऑफ नॉलेज', आली. त्यात १० ज्ञानक्षेत्रं आणि ३२९ विषय. एवढं सगळं एका वर्षात कोणीच शिकवू शकत नाही, म्हणजे निवड आलीच. मग २०१० साली तिथल्या कामगार खात्याने उलट्या बाजूने मांडणी केली: या क्षेत्रातली माणसं नोकरीत काय काय करतात ते आधी पाहायचं आणि त्यासाठी कोणती कौशल्यं लागतात ते ठरवायचं. 'डेकम' नावाची पद्धतही याच वाटेची. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना एकत्र बसवून त्यांच्या कामांची तपशीलवार यादी करायची आणि अभ्यासक्रम त्या यादीतून काढायचा.

मला हीच वाट पटते. कोकणातल्या अभ्यासक्रमाची सुरुवात कोकणातल्या कामांपासून व्हावी आणि तंत्र त्या कामाच्या ओघात यावं, असं माझं ठाम मत आहे.

एक उदाहरण देतो. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर, हे आपण शाळेपासून पाठ केलं. केंद्राच्या नव्या मोजणीत तो ८७७.९७ किलोमीटर झाला आणि देशाचा ७,५१६.६ वरून ११,०९८.८१ वर गेला. किनारा काही एवढा लांबला नाही. जुनी मोजणी १:४५,००,००० प्रमाणाच्या नकाशावरची होती, नवी १:२,५०,००० वरची. मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर खाड्या, भूशिरं, बेटांच्या कडा सगळं मोजलं जातं. पहिल्याच तासाला हे आकडे फळ्यावर लिहावेत आणि जयगडपासून पूर्णगडपर्यंतचा किनारा मुलांना वेगवेगळ्या प्रमाणांवर मोजायला लावावा. 'प्रमाण' ही गोष्ट मग कोणाला पाठ करावी लागणार नाही.

तर विचारायचं असं: तुमच्या कामात जीआयएस येतं तिथे नव्या मुलांचं नेमकं काय कमी पडतं? आणि कोणते स्थानिक प्रश्न प्रात्यक्षिकांत आलेच पाहिजेत?

&nbsp;

मोजणीदार:

सर, धागा काढलात हे फार बरं झालं. मी भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक आहे, दक्षिण कोकणात.

आमच्याकडे आता रोव्हर (हातात घेऊन फिरायची उपग्रहाधारित मोजणी यंत्रं) आले, त्यांना अचूकता देणाऱ्या कॉर्स या स्थिर केंद्रांचं जाळं आलं, त्यामुळे सेंटिमीटरमध्ये स्थान मिळतं. पण जमिनीचा मूळ कागद जुनाच आहे. टिपण, फाळणी, गावनकाशा. या कागदांवर अक्षांश-रेखांश नाहीत. तेव्हाची मोजणी शंकू-साखळीने झालेली. तुमच्या मुलांना हा कागद वाचता आला नाही तर कोकणातल्या जमिनीचं कुठलंही काम त्यांच्या हातून होणार नाही.

प्रात्यक्षिकासाठी एक सुचवतो. जुनी साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. आता सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची फुकट मिळणारी प्रतिमा घ्या. तिचा पिक्सेल १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे जवळपास तीच साखळी आणि जवळपास एक गुंठा. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाचा ३० मीटरचा पिक्सेल म्हणजे सुमारे ९ गुंठे. हे मुलांना एकदा सांगा. कोकणात ५-१० गुंठ्यांचे हिस्से असतात, सातबारावर डझनभर नावं असतात. कोणत्या प्रतिमेतून कोणता हिस्सा दिसेल आणि कोणता दिसणारच नाही, याचा हिशेब त्यांना तोंडी करता येईल.

तसंच मोबाइलच्या जीपीएसचं. उघड्या माळावर ५ मीटरची चूक धरली तर त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस मीटर होतं, पाऊण गुंठा. आंब्याच्या कलमाखाली किंवा घळीत उभं राहिलात तर चूक आणखी वाढते. अशा जागी मोबाइलवर बिंदू घेऊन हद्द दाखवणारे लोक गावात भांडणं लावतात. तुमच्या पदविकेचा मुलगा असं करणारा नको.

गावनकाशा जुळवायला नियंत्रण बिंदू, म्हणजे नकाशावर आणि जमिनीवर दोन्हीकडे ओळखू येणाऱ्या जागा, लागतात. देशावर बांध सरळ असतात, आपल्याकडे डोंगरउतार. पण आपल्याकडे जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, आहेत. जुने गडगे हद्दीवरच असतात असं नाही, पण पुष्कळदा असतात, आणि चांगल्या प्रतिमेत दिसतातही. तीन गावांच्या शिवा मिळतात तिथले दगड शोधायला मुलांना रानात न्या. संगणकावर बसून हे होत नाही.

&nbsp;

साखरप्याचा_पुण्यात:

मोजणीदारांच्या प्रतिसादाला +१. गुंठ्याचं गणित मी आमच्या ऑफिसात उद्याच सांगणार.

मी पुण्यात एका कंपनीत आहे. पाणीपुरवठा, रस्ते, वीज यांचे नकाशे करतो. नव्या मुलांच्या मुलाखती घेतो. सगळ्यात जास्त अडतं ते प्रक्षेपणावर, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर कशी मांडली यावर. 'हा थर कुठल्या निर्देशांक पद्धतीत आहे?' असं विचारलं की मुलं सॉफ्टवेअरने दाखवलेलं वाचून दाखवतात. त्याचा अर्थ सांगता येत नाही. अख्खी कोकणपट्टी यूटीएम या प्रक्षेपणाच्या ४३ क्रमांकाच्या पट्ट्यात येते, ७२ ते ७८ अंश पूर्व. या पद्धतीचा सांकेतिक क्रमांक ईपीएसजी ३२६४३. हे कोकणातल्या विद्यार्थ्याला झोपेतून उठवलं तरी सांगता यायला हवं. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने टोपोशीट (स्थलदर्शक नकाशे) एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रारूपावर, आणि आजचं जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या नव्या प्रारूपावर. ही दोन एकाच पडद्यावर आणताना रूपांतर केलं नाही तर सगळा नकाशा सरकतो. चिपळूण ४७जी या शीटमध्ये येतं. तिचे भाग घेऊन हाच सराव करून घ्या, सर.

दुसरं म्हणजे शिस्त. फायलींना नावं कशी द्यायची, माहिती कुठून आणि कधी घेतली ते कुठे नोंदवायचं, दोन बहुभुजांमध्ये फट किंवा आच्छादन राहिलं नाही हे कसं तपासायचं. कंपनीत पहिले सहा महिने हेच काम असतं आणि अभ्यासक्रमांत याला एक तासही नसतो.

तिसरं, सॉफ्टवेअर. कंपन्यांत आर्कजीआयएस चालतं, क्यूजीआयएसही चालतं. शिकवायला क्यूजीआयएस घ्या. ते मुक्त आहे, मुलगा घरी नेऊ शकतो. एक शिकलेला दुसऱ्यावर महिन्याभरात रुळतो. त्याबरोबर पोस्टजीआयएस हा नकाशांचा डेटाबेस मात्र हवाच. माहिती डेटाबेसमध्ये कशी बसते ते कळलं की मुलांच्या कामाचा दर्जा एकदम वर जातो.

आणि धोरणंही शिकवा. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय कंपन्यांना नकाशे आणि सर्वेक्षणासाठी पूर्वपरवानगीची गरज काढून टाकली. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण आलं. आमच्या क्षेत्रात कामं वाढली त्यामागे हे आहे.

&nbsp;

देवरुखची_मुक्ता:

सर, मी असाच एक कोर्स केला आहे, कॉलेजचं नाव नको. तिथे सशुल्क सॉफ्टवेअर होतं. सत्राच्या मध्यावर परवाना संपला आणि नूतनीकरणाची फाईल फिरत राहिली. उरलेली प्रात्यक्षिकं आम्ही सरांच्या स्क्रीनकडे बघून केली. परीक्षेत मात्र ती आम्हाला विचारली गेली. म्हणून क्यूजीआयएसबद्दल वर लिहिलंय ते मला मनापासून पटतं.

मला खरा उपयोग झाला तो डेहराडूनच्या आयआयआरएस या सुदूर संवेदन संस्थेच्या ऑनलाइन व्याख्यानांचा. पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्र मिळतं. पण व्याख्यान इंग्रजीत भराभर पुढे जातं. आमच्या वर्गातल्या ज्या मुली मराठी माध्यमातून आल्या होत्या त्या दुसऱ्या आठवड्यात गळाल्या. कोणी शेजारी बसून मराठीत समजावलं असतं तर टिकल्या असत्या, त्या माझ्यापेक्षा हुशार होत्या.

आणि पावसाळ्यात लाईट जाते, नेट जातं. प्रात्यक्षिकाचा डेटा कॉलेजातच साठवलेला असू दे.

&nbsp;

जांभाखडक:

मुक्ता, तुझा प्रतिसाद मी मसुद्याला जोडणार आहे.

सॉफ्टवेअर क्यूजीआयएस, हे माझ्याकडून पक्कं. सेंटिनेल-२ ची एक टाइल १०० किलोमीटरची आणि अर्धा ते एक जीबी वजनाची. वीस मुलं एकदम उतरवायला बसली तर तास संपतो. म्हणून प्रयोगशाळेत एक साधा सर्व्हर आणि त्यावर कोकणच्या प्रतिमा, उंचीचं प्रारूप (जागोजागच्या उंचीची संगणकीय चौकट), तालुक्यांचे थर सत्राआधीच भरून ठेवायचे.

आयआयआरएसची व्याख्यानं आम्ही वेळापत्रकातच बसवू. ही संस्था १९६६ पासून हवाई छायाचित्रं आणि पुढे उपग्रह प्रतिमा वाचायला शिकवते आहे आणि तिचा आउटरीच कार्यक्रम २००७ पासून चालू आहे. तिच्याइतकं चांगलं सैद्धांतिक शिकवणारे प्राध्यापक आम्ही प्रत्येक कॉलेजात आणू शकणार नाही. पण प्रत्येक व्याख्यानानंतर एक तास मराठीत चर्चेचा, आणि तोंडी परीक्षा मराठीत देण्याची मुभा. हे दोन्ही मसुद्यात घालतो.

&nbsp;

कलमबाग_देवगड:

मी बागायतदार. हापूस आणि थोडी काजू. जीआयएस शिकलेलो नाही, पण आमच्या गावाचे नकाशे ऑनलाइन बघतो तेव्हा त्रास होतो.

आमचा सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं पठार, नकाशावर 'पडीक' दाखवतात. उन्हाळ्यातली प्रतिमा बघून कोणी रंग भरला असणार. उन्हाळ्यात सडा काळा-तांबडाच दिसतो. पावसात या, गवत आणि फुलं गुडघ्याला लागतात, कातळातल्या खळग्यांत पाणी असतं, गुरं तिथेच चरतात. शिवाय सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळी, उक्षी, बारसू, इकडे कुडोपी. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत नाव गेलं. कशेळीचा हत्ती केवढा मोठा, तरी त्या १० मीटरच्या पिक्सेलमध्ये तो काय दिसणार? 'पडीक' हा शब्द एकदा कागदावर गेला की त्या जमिनीवर काय करायचं ते दुसरे लोक ठरवतात. तुमच्या मुलांना रंग भरण्याआधी सड्यावर आणा, दोनदा आणा, मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये.

दुसरं, आंबा-काजूची बाग आणि रान यात फरक करून दाखवता येतो का? विमा आणि नुकसानभरपाईच्या वेळी हाच वाद असतो. निसर्ग आणि तौक्ते वादळांच्या वेळी कुठे किती झाडं पडली ते हाताने मोजत बसावं लागलं.

&nbsp;

जांभाखडक:

कलमबाग, करता येतो, पण एका प्रतिमेवरून नाही. नोव्हेंबरपासून मेपर्यंतच्या प्रतिमा ओळीने लावल्या तर आंब्याची पालवी, मोहोर आणि रानातल्या पानगळीच्या झाडांचं उघडं पडणं या तिन्हींचा वेळ वेगवेगळा दिसतो. तरी प्रत्येक बागेत जाऊन पडताळणी लागतेच. जून ते सप्टेंबर मात्र ढगांमुळे साध्या प्रतिमा जवळजवळ निकामी असतात, आणि आपलं भात नेमकं त्याच महिन्यांत उभं असतं. म्हणून कोकणात रडार प्रतिमा ऐच्छिक विषय ठेवून चालणार नाही. देशावरच्या अभ्यासक्रमात ती शेवटच्या प्रकरणात असते, आपण ती दुसऱ्या महिन्यापासून घ्यायला हवी. सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाची प्रतिमा फुकट मिळते आणि तो ढगांतून बघतो.

मे आणि ऑगस्ट, दोन्ही फेऱ्या ठरल्या. तुमच्या सड्यावरच येऊ.

&nbsp;

वाशिष्ठीकाठ:

२२ जुलै २०२१. चिपळूणकर ही तारीख विसरणार नाहीत. बाजारपेठेत पहिला मजला पाण्याखाली होता. माझं दुकान तिथेच आहे.

त्यानंतर पुराचे नकाशे पुष्कळ फिरले. मी स्थापत्य अभियंता आहे म्हणून ते बारकाईने बघितले. काहींमध्ये फुकटच्या ३० मीटरच्या उंची-प्रारूपावर एक पातळी धरून खालचं सगळं निळं केलेलं. त्या प्रारूपांत उंचीचीच चूक काही मीटरची असते. शिवाय ते झाडांचे शेंडे आणि इमारतींची छपरं मोजतं. माडाच्या बागेत जमीन दिसतच नाही. आमच्या बाजारात या गल्लीत पाणी चढतं आणि पुढच्या गल्लीत नाही, हा फरक एखाद्या मीटरचा. त्या नकाशावर विसंबून कोणी माल खालच्या खोलीत ठेवला असता तर?

रडारवाल्यांनाही सांगतो. उघड्या शेतातलं पाणी त्यात काळं दिसतं, ठीक. पण दाट वस्तीत भिंती आणि पाणी यांच्यावरून लाट दोनदा परतते आणि बाजार उलट उजळ दिसतो. आणि उपग्रह त्याच वाटेवर १२ दिवसांनी परततो. पाणी चढून ओसरतं तेवढ्या वेळात तो वरून गेला असेलच असं नाही.

मग काय करायचं? भिंतींवर पुराच्या खुणा आहेत. २००५ च्याही आहेत, २०२१ च्याही. मुलांना लेव्हल आणि स्टाफ (उंची मोजायची दुर्बीण आणि पट्टी) घेऊन बाजारात पाठवा, प्रत्येक खुणेची उंची मोजू द्या, दुकानदारांशी बोलू द्या. पाणी कुठून आलं, किती वाजता आलं. वाशिष्ठीला भरती अडवते तेव्हा काय होतं ते दाभोळ खाडीकडचे लोक सांगतील. अशा शे-दोनशे खुणांचा थर तयार झाला तर तो नगरपरिषदेला, विद्यापीठाला, आम्हाला, सगळ्यांना वर्षानुवर्षं पुरेल. दरवर्षीच्या तुकडीने त्यात भर घालावी.

आणि एक कळकळीची विनंती. नकाशाच्या कोपऱ्यात 'या नकाशात इतक्या मीटरची चूक असू शकते' हे लिहिलं नसेल तर त्या नकाशाला गुण देऊ नका.

&nbsp;

मोजणीदार:

शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. दरडीखाली गेलेल्या तळियेसारख्या वाड्यांच्या बाबतीतही हेच. दरडींचे संवेदनशीलता नकाशे १:५०,००० प्रमाणावर असतात. तिथे १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. अख्खी वाडी काही मिलिमीटरमध्ये येते. मुलाने असा नकाशा मोठा करून घराघरावर रंग दाखवला तर तो लोकांची दिशाभूल करतो, आणि त्याला ते ठाऊकही नसतं.

&nbsp;

रापणकर:

गाळ खंय साचता आणि खडप खंय आसा, ह्यां माझ्या बापाशीक तोंडपाठ.

मालवणचा आहे, मत्स्यशास्त्र शिकलो. सर, भरती-ओहोटी मसुद्यात कुठे दिसली नाही म्हणून लिहितोय.

सेंटिनेल-२ रोज येत नाही, पण येतो तेव्हा सकाळी अकराच्या आसपासच येतो. भरतीची वेळ मात्र रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे एका प्रतिमेत सुकती असते, दुसऱ्या प्रतिमेत पूर्ण भरती. एका तारखेची पाण्याची कड धरून 'किनारा इतका खचला' म्हणणारे अहवाल मी पाहिलेत. आधी त्या तारखेचं भरतीचं कोष्टक बघायला शिकवा.

सीआरझेडचंही, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांच्या नियमांचंही, तसंच. १९९१ ची अधिसूचना, मग २०११, मग २०१९. तिन्हींत मोजमाप भरतीरेषेपासून. ही रेषा प्रतिमेत दिसणारी ओली कड नव्हे. ती अधिकृत संस्थांनी ठरवलेली असते. स्थानिक पातळीवरचे नकाशे १:४,००० चे. त्यांवर रेषेची जाडी अर्धा मिलिमीटर धरली तरी जमिनीवर ती दोन मीटर झाली. किनाऱ्यावरच्या घराला दोन मीटर म्हणजे पुढची पडवी. कोळीवाड्यांची घरं, मासे वाळवायच्या जागा, होड्या ओढायच्या जागा, रापणीच्या (किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या) जागा नकाशात नसतील तर त्या नाहीतच असं धरलं जातं. तुमचे विद्यार्थी मच्छीमार सोसायट्यांबरोबर बसून हे थर करतील का? आम्ही होडीवर घेऊन जाऊ.

&nbsp;

कोडगाव:

सगळे प्रतिसाद वाचले. आदर ठेवून वेगळं मत मांडतो. साखळी, टिपण, लेव्हल-स्टाफ यांत वर्ष घालवलं तर मुलांना नोकरी मिळणार नाही. बाजारात पायथन ही संगणकभाषा मागतात, गूगलचं अर्थ इंजिन मागतात. क्लाउडवर सगळ्या कोकणच्या दहा वर्षांच्या प्रतिमा काही मिनिटांत चाळता येतात. फिल्डवर्क दोन दिवस पुरे. अभ्यासक्रमाचा अर्धा भाग कोडिंगला द्या.

&nbsp;

साखरप्याचा_पुण्यात:

कोडगाव, पायथन हवंच, त्यावर दुमत नाही. पण मी माणसं घेतो म्हणून सांगतो: कोड लिहिणारे पुष्कळ येतात. आलेलं उत्तर चूक आहे हे ओळखणारा क्वचित येतो. सड्याला पडीक म्हणणारा नकाशा कोडनेही निघतो आणि बटणानेही.

&nbsp;

कोडगाव:

मान्य. मग असं करा, फिल्डवर जमवलेली माहिती कोडमध्येच पडताळायला लावा. पुराच्या खुणा एकीकडे, प्रारूपाची उंची दुसरीकडे, फरकाचा आलेख पायथनमध्ये. अशी वही मी तयार करून देऊ शकतो.

&nbsp;

निवृत्त_भूगोल:

सगळं वाचून आनंद वाटला. मी विद्या परिषदेवर होतो, त्यामुळे अडचणीच्या बाजूने थोडं लिहितो. हेतू अडवण्याचा नाही. अडचणी आधी ठाऊक असल्या तर कार्यक्रम टिकतो.

पहिला प्रश्न: शिकवणार कोण? आपल्याकडे असे कार्यक्रम तासिका तत्त्वावरच्या तरुण शिक्षकांच्या जिवावर चालतात. त्यांना तासाप्रमाणे पैसे, तेही उशिरा. दोन वर्षं ते जीव ओततात, मग पुण्या-मुंबईला नोकरी मिळते आणि जातात. त्यांना दोष देता येत नाही. पण त्यांच्याबरोबर सगळी प्रात्यक्षिकं, डेटाचे फोल्डर, संपर्क निघून जातात. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक प्रात्यक्षिकाचं टिपण संस्थेकडे जमा झालं पाहिजे. १९९० च्या त्या ७५ घटकांचं मोल मला यात वाटतं. शिक्षक बदलला तरी टिपण राहतं.

दुसरं, वर लिहिणाऱ्यांना शिकवायला बोलवा. यूजीसीने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ची तरतूद केली; क्षेत्रातल्या अनुभवी माणसाला पीएचडी-नेटची अट न लावता घेता येतं. मोजणीदारांसारखा माणूस निवृत्तीनंतर आला तर वर्गाचं सोनं होईल.

तिसरं, तासांचं गणित. एक श्रेयांक म्हणजे व्याख्यानाचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास. तुम्हाला इथे जे सगळं सुचवलं गेलं ते प्रात्यक्षिकाचं आहे. चार श्रेयांकांचं क्षेत्रकार्य म्हणजे १२० तास. हे मंडळापुढे आकड्यांत मांडा, नाहीतर 'क्षेत्रभेट' म्हणून एक दिवसाची सहल मंजूर होईल. चार आठवड्यांचं क्षेत्रकार्य म्हणून लिहा, बस आणि मुक्कामाचा खर्च शुल्कातच धरा.

चौथं, तुकडी लहान ठेवा. साठ मुलांना सड्यावर नेता येत नाही. आणि प्रयोगशाळेत एक कायम तंत्रसहायक मागा. संगणक बंद पडला की प्राध्यापकाने तास सोडून तो दुरुस्त करत बसायचं, हे मी पुष्कळ वर्षं पाहिलं आहे.

राष्ट्रीय शिक्षण धोरणात पदव्युत्तर पहिल्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. तेव्हा ही पदविका पुढे एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला जोडता येईल अशीच आखा. दापोलीचं कृषी विद्यापीठ, लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ, शिरगावचं मत्स्य महाविद्यालय ही तिन्ही आपल्याच पट्ट्यात आहेत. श्रेयांक एकमेकांकडे घेता येतील असा प्रस्ताव सुरुवातीलाच द्या.

&nbsp;

जांभाखडक:

सर, नमस्कार. तुमचा प्रतिसाद छापून टेबलावर ठेवला आहे.

सगळ्यांचे प्रतिसाद धरून मसुदा पुन्हा मांडला, थोडक्यात सांगतो.

वर्षाचे विषय आता सॉफ्टवेअरच्या प्रकरणांनुसार नाहीत, चार कामांनुसार आहेत: जमीन, पाणी, किनारा आणि बाग-रान. जमिनीपासून सुरुवात. जुना गावनकाशा वाचायचा, शिवेवरचे दगड शोधायचे, तो ३२६४३ मध्ये बसवायचा, राहिलेली चूक मीटरमध्ये लिहायची. प्रक्षेपण, गोलाभ, संरेखन (जुना नकाशा खऱ्या जागी बसवणं), टोपोलॉजी (हद्दींमधल्या फटी आणि आच्छादनं तपासणं) हे सगळं इथेच येतं. पाण्याच्या भागात चिपळूणच्या खुणा, लेव्हलिंग, उंची-प्रारूप, रडार आणि कोडगावांची पायथनची वही. किनाऱ्याच्या भागात भरतीची कोष्टकं, सीआरझेडचे नकाशे आणि मच्छीमारांबरोबर केलेले थर. हे थर कुठे प्रसिद्ध करायचे आणि कुठे नाही हे सोसायटीच ठरवेल. रापणीची जागा उघड नकाशावर टाकणं गावाला नको असू शकतं. माहितीची मालकी हा विषय त्यामुळे पुस्तकाबाहेर येतो. बाग-रानाच्या भागात प्रतिमांची वर्षभराची माळ आणि सड्याच्या दोन फेऱ्या.

तुकडी वीसची. क्षेत्रकार्य १२० तास, खर्चासह. आयआयआरएसची व्याख्यानं आणि त्यावर मराठीत तास. प्रत्येक नकाशावर अचूकतेचं विधान सक्तीचं. ते नसेल तर नकाशा परत. शेवटचा प्रकल्प एखाद्या ग्रामपंचायतीने, सोसायटीने किंवा कार्यालयाने मागितलेल्या कामावर, आणि मूल्यमापनात त्यांचाही वाटा.

एका गोष्टीवर अजून अडलोय. नोकरी करणारे तलाठी, कृषी सहायक, नगरपरिषदेचे अभियंते यांना वर्षभर रोज येता येणार नाही. त्यांच्यासाठी 'जमीन' आणि 'पाणी' हे दोन भाग शनिवार-रविवारी वेगळे प्रमाणपत्र म्हणून द्यावेत असं वाटतं. मिळालेले श्रेयांक अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या श्रेयांकांच्या खात्यात जमा राहतील आणि पुढे पदविका पुरी करता येईल. मोजणीदार, तुमच्या सहकाऱ्यांना हे जमेल का?

&nbsp;

मोजणीदार:

शनिवार-रविवार जमेल, फक्त ऑक्टोबरनंतर ठेवा. पावसाळा संपला की मोजणीचा हंगाम सुरू होतो, पण सुट्टीचा दिवस तरी आपला असतो. माझ्या ओळखीतले पाच-सहा जण तर नक्की येतील. कार्यालयाकडून रीतसर पत्र लागेल, त्याचा मसुदा मी पाठवतो.

&nbsp;

देवरुखची_मुक्ता:

सर, शुल्क किती असेल? आणि आमच्यासारख्या आधी कोर्स केलेल्यांना फक्त क्षेत्रकार्याला येता येईल का?

&nbsp;

जांभाखडक:

मुक्ता, शुल्क विद्यापीठ ठरवेल, पण मसुद्यात मी मागासवर्गीय आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांच्या सवलतींसोबत बस-मुक्कामाच्या खर्चाची वेगळी तरतूद मागितली आहे. क्षेत्रकार्याला नक्की ये. मराठीतल्या तासाला सहायक म्हणून येशील का, हेही विचारायचं होतं. त्याचं मानधन ठरवून घेऊ.

वाशिष्ठीकाठ, पुराच्या खुणांच्या कामाला मी अभ्यासक्रमाच्या मंजुरीची वाट बघणार नाही. आमची तृतीय वर्षाची मुलं दिवाळीनंतर घेऊन येतो. लेव्हल कॉलेजची आहे, स्टाफ दोन आहेत. बाजारात कुठल्या गल्लीपासून सुरुवात करायची आणि कोणाकोणाशी बोलायचं, ते तुम्ही सांगा.

&nbsp;

वाशिष्ठीकाठ:

या. व्यापारी मंडळींना मी आधीच सांगून ठेवतो. काही दुकानांत रंग काढताना खुणा पुसल्या गेल्यात, पण मालकांना उंची आठवते. ती आठवणीतली म्हणून वेगळ्या चिन्हाने नोंदवा, भिंतीवरच्या खुणेत मिसळू नका. सुरुवात नदीकडून करू, म्हणजे पाणी आलं त्याच क्रमाने मोजत जाता येईल.